दहावीचा पेनड्राइव्ह वर्षभर वापरल्यावर

दिग्रस तालुक्यातल्या आमच्या गावात मी दहावीची शिकवणी घेते. बी.एस्सी., बी.एड. झालं आहे, शिक्षक भरतीची वाट पाहणं सुरू आहे. तोवर रोज संध्याकाळी सहा ते आठ आमच्या छपरीत चौदा पोरंपोरी बसतात. त्यातली पाच जणं बंजारा तांड्यावरून दोन किलोमीटर पायी येतात. मागच्या जूनमध्ये मी ७,८०० रुपये देऊन दहावी मराठी माध्यमाचा ई-लर्निंगचा पेनड्राइव्ह घेतला. विज्ञान भाग १ आणि २, गणिताचे दोन्ही भाग, इतिहास, भूगोल, सगळं ॲनिमेशनसह. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. मला एका कंपनीची तक्रार करायची नाही. असा पेनड्राइव्ह घ्यावा का, पोरांना त्याचा खरंच उपयोग होतो का, हे आजूबाजूच्या गावातले पालक आणि माझ्यासारखे शिकवणी घेणारे मला विचारतात, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

विकायला आलेल्या माणसाजवळ एक रंगीत चार्ट होता. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के, पाहिलेलं आणि ऐकलेलं मिळून ५० टक्के. खाली नाव अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं. आमच्या घरचे लोक तो चार्ट पाहूनच अर्धे तयार झाले होते. पण बी.एड.ला डेल यांचा अनुभवशंकू, म्हणजे शिकण्याच्या अनुभवांची शंकूच्या आकारातली मांडणी, मी शिकले आहे. त्यांनी तो १९४६ साली मांडला आणि त्यात एकही टक्का नव्हता. हे आकडे मागाहून कुणीतरी चिकटवले आणि ते तसेच फिरत राहिले. उलट डेल यांच्या शंकूत तळाला, सगळ्यात रुंद जागेवर, आपल्या हातांनी घेतलेला प्रत्यक्ष अनुभव आहे. चलच्चित्र त्याच्या बरंच वर येतं. मी हे त्या माणसाला सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, मले ऑफिसातून जे देलं ते मी दाखवतो." त्याच्यावर राग नाही. पण तुमच्या दारात कुणी तो चार्ट घेऊन आला तर त्यावरून निर्णय घेऊ नका.

तरीही मी पेनड्राइव्ह घेतला. कारण पेशीविभाजन आणि विद्युत चलित्र (म्हणजे मोटर) हे दोन भाग दोन वर्षं फळ्यावर शिकवताना माझी दमछाक झाली होती. फळ्यावरचं चित्र हलत नाही, आणि हे दोन्ही विषय म्हणजे नुसती हालचाल.

माझ्या जुन्या लॅपटॉपला भावाचा ३२ इंची टीव्ही जोडला आणि पहिल्याच आठवड्यात चलित्राचा व्हिडिओ लावला. खरं सांगते, तो फार सुंदर केलेला आहे. चुंबकाचे दोन ध्रुव, मधे तारेची चौकट, वीज कोणत्या दिशेनं जाते त्याचे पिवळे बाण, चौकटीच्या एका बाजूवर वर ढकलणारं बल आणि दुसऱ्या बाजूवर खाली ढकलणारं. अर्धा फेरा झाला की चौकटीला जोडलेल्या धातूच्या कडीचे दोन अर्धे तुकडे वीज देणाऱ्या ब्रशखालून आपली जागा बदलतात, तारेतल्या विजेची दिशा उलटते, म्हणून चौकट मागे न येता त्याच दिशेनं फिरत राहते. हे 'म्हणून' फळ्यावर दाखवायला मला एक अख्खी संध्याकाळ लागत होती, इथे दोन मिनिटांत झालं. पोरं गुडघ्यावर उभी राहून पाहत होती. चुंबक, वीज आणि बल यांच्या दिशा तीन बोटांनी दाखवणारा फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम त्या दिवशी सगळ्यांच्या बोटांवर होता, घरी जाताना रस्त्यानेही ती बोटं तशीच धरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी एक पोरगा खिशातून खेळण्यातल्या गाडीची छोटी मोटर घेऊन आला. त्यानं घरीच स्क्रूड्रायव्हरनं तिचं मागचं झाकण काढलं होतं. म्हणाला, "ताई, टीव्हीत तं कडीचे दोन तुकडे होते. यात तीन हायेत." मी पाहिलं. खरंच तीन. आतल्या लोखंडी गाभ्यालाही तीन फाटे, तिन्हीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. टीव्ही त्या दिवशी लावलाच नाही. सगळे त्या बोराएवढ्या मोटरभोवती डोकं घालून बसले. दोनच तुकडे असते तर काय झालं असतं, याचा विचार आम्ही चौकट नेमकी मधल्या जागी उभी करून केला. त्या जागी फिरवणारं बल शून्य होतं. मोटर तिथे थांबली असेल तर आपोआप सुरूच होणार नाही, बोटानं ढकलावी लागेल. तीन असले की कोणती ना कोणती गुंडाळी नेहमी बल लागेल अशा जागी असते. हे पुस्तकात नाही, पेनड्राइव्हमध्येही नाही. पण व्हिडिओ पाहिला नसता तर त्या पोरानं झाकण उघडल्यावर तुकडे मोजले नसते, हेही तितकंच खरं. आदल्या संध्याकाळी दोन तुकडे डोळ्यांत बसले होते, म्हणून तिसरा त्याला खुपला.

या एका गोष्टीनं माझे पैसे वसूल झाले असं मी मानते. पण वर्षभरातले सगळे दिवस असे नव्हते.

पेशीविभाजनाचा व्हिडिओ लावला तेव्हा मी निवांत होते. चलित्रासारखंच हेही होईल असं वाटलं. सात मिनिटांचा तो भाग, मागे बासरी वाजते आहे, रंगीत गुणसूत्रं आखडतात, जाड होतात, मधोमध ओळीत येतात, तुर्कतंतू त्यांना दोन टोकांकडे ओढतात, शेवटी एका पेशीच्या दोन होतात. संपल्यावर विचारलं, समजलं का? चौदाही जणं एका सुरात, "हो ताई!" मी कोरे कागद दिले आणि मध्यावस्थेची, म्हणजे गुणसूत्रं मधोमध ओळीत येतात तेव्हाची, आकृती काढायला सांगितली. तिघांना काढता आली. बाकीच्यांच्या कागदावर गोल आणि गोलात काही किडे. एका पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाह्यलं तवा तं समजलं होतं जी," ती म्हणाली.

मला वाटतं, या सगळ्या मालाचा खरा धोका हाच आहे. व्हिडिओ पाहताना अडत नाही, म्हणून समजल्यासारखं वाटतं. फळ्याशी पोरं अडतात, कंटाळतात, खाली पाहतात, आणि ते माझ्या नजरेला पडतं. टीव्हीपुढे सगळ्यांचे चेहरे सारखेच उजळलेले असतात, कोण कुठे सुटलं ते कळतच नाही.

दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ पुन्हा लावला, पण दर अवस्थेला थांबवत. पूर्वावस्था संपली, थांबवलं. आता पुढे काय होईल ते आधी वहीत काढा. काढलं, मग पुढे चालवलं, ज्याचं चुकलं त्यानं खोडून दुरुस्त केलं. सात मिनिटांच्या व्हिडिओला पाऊण तास लागला. आठवड्यानं न सांगता पुन्हा कागद दिले तेव्हा बहुतेकांच्या आकृत्या बरोबर होत्या. तेव्हापासून लॅपटॉपची लांब कळ दाबायचं काम रोज एका मुलाकडे असतं. कुणीही "थांबव" म्हटलं की थांबवायचं, कारण विचारायचं नाही. पहिले दोन आठवडे कुणी म्हणायला धजेना. मग तांड्यावरची एक पोरगी म्हणाली, आणि आता दर दोन मिनिटांनी कुणीतरी म्हणतं.

माझे बाबा हे सगळं खाटेवरून पाहत होते. त्यांच्या शाळेत टीव्ही आला होता, त्यावर बालचित्रवाणीचे कार्यक्रम लागत. शाळांसाठी कार्यक्रम बनवणारी पुण्याची ही संस्था १९८४ साली सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. बाबा म्हणाले, "आमच्या वख्ताला थांबवता येत नव्हतं. निघून गेलं ते गेलं." पुढे २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, पहिली ते आठवीच्या पोरांसाठी. माझा चुलतभाऊ ते मन लावून पाहायचा. पण तिथेही तेच, प्रश्न पडला तर विचारायचा कुणाला? त्या मानानं आज आपल्या हातात थांबवायची कळ आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती वापरलीच जात नाही. मी पाहिलेल्या शाळांत डिजिटल वर्गाचा तास म्हणजे व्हिडिओ लावून मागे खुर्चीत बसणं.

दिवाळीनंतर मी पोरांना बिननावाच्या चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. टीव्हीवर शिकलेलं आवडते की फळ्यावर, आणि काहून, एवढाच प्रश्न. मोठ्या माणसांना वाटतं, पोरांना टीव्ही म्हटला की झालं. तसं काही निघालं नाही. एकीनं लिहिलं, व्हिडिओतल्या मॅडम रागवत नाहीत आणि कितीही वेळा लावा, तेच सांगतात. एकानं लिहिलं, व्हिडिओ मला काही विचारत नाही म्हणून मला झोप येते. शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या एकानं लिहिलं की फळा उजेडानं चमकतो, अर्धं दिसतच नाही, टीव्हीवर सगळं मोठं दिसतं. ही चिठ्ठी वाचून मी त्याच्या घरी गेले. पोराला चष्मा लागणार होता, दिग्रसला डोळे तपासून घेतले. भूमितीबद्दल एक ओळ होती, 'व्हिडिओतला कंपास घसरत नाही, माझा घसरते.' रचनांचे व्हिडिओ देखणे आहेत, पण दहा रुपयांच्या कंपासची सैल झालेली खिळ कशी आवळायची ते शेजारी बसूनच दाखवावं लागतं.

एक चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. 'ताई शिकवते तेव्हा मी समजलं नाही तर तिले दिसते.' एवढंच.

गणितात आणि रासायनिक समीकरणांत मात्र पोरांचा कौल सरळ फळ्याकडे होता आणि मला तो पटतो. मिथेन जळण्याचं समीकरण घ्या. गोबरगॅसमुळे पोरांना मिथेन माहीत आहे. व्हिडिओत समीकरण येतं, ऑक्सिजनच्या आधी २ हा आकडा चमकत येऊन बसतो, पाण्याच्या आधी दुसरा २ येतो, टिंग असा आवाज होतो, 'समीकरण संतुलित झाले.' एका पोरीनं थांबवायला सांगितलं. "हे दोन कुठून आले जी, ताई?" व्हिडिओ मागे नेला. पुन्हा तसाच चमकत आला. तिसऱ्यांदा लावलं तरी तसाच येणार.

मग घरातून डबे आणले. कार्बनसाठी उडदाचा दाणा, हायड्रोजनसाठी सोयाबीनचे दाणे, ऑक्सिजनसाठी सरकी. मिथेनचा एक रेणू म्हणजे एक उडीद आणि चार सोयाबीन. ऑक्सिजन नेहमी जोडीनं येतो, म्हणून सरकी दोन-दोनच उचलायची, एक उचलायची नाही. आता यातून कार्बन डायऑक्साइड बनव. उडीद एक आणि सरकी दोन, एक जोडी खपली. उरले चार सोयाबीन. पाण्याच्या एका रेणूला दोन सोयाबीन आणि एक सरकी लागते, म्हणजे पाणी दोनदा बनेल आणि सरकी आणखी दोन लागतील. ती पोरगी सरकीच्या डब्यात हात घालून थांबली. "म्हंजे अजून एक जोडी घ्या लागते." तोच तिचा २. तिनं तो स्वतः डब्यातून काढला. नंतर तिनंच तो टिंग करणारा व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि दोन येण्याच्या आधी सगळ्यांना ओरडून सांगितलं, "आता येते पाहा."

भूगोलात पेनड्राइव्ह फार कामाचा आहे. दहावीला भारत आणि ब्राझीलचा तुलनात्मक अभ्यास आहे आणि ॲमेझॉनचं जंगल शब्दांत सांगून कळत नाही. गणितातल्या महत्त्वमापनात शंकू कापून शंकूछेद दाखवला आहे तोही छान. इतिहासात मात्र नुसती पुस्तकातली वाक्यं पडद्यावर सरकतात आणि एक आवाज ती वाचतो. त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

आवाजाबद्दल आणि भाषेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण घेताना मी हे पाहिलं नव्हतं. बोलणाऱ्या बाईंची मराठी शुद्ध आहे, गतीही चांगलीच आहे. पण माझ्या शिकवणीतल्या पाच पोरांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात आणि उरलेल्यांच्या घरी वऱ्हाडी. 'तद्नंतर', 'परिणामस्वरूप' असे शब्द आले की पोरं एकमेकांकडे पाहतात. त्यात सतत संगीत. बी.एड.ला मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं काम वाचलं होतं. नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्र सोबत असले तर माणूस चांगलं शिकतो, हे त्यांनी प्रयोगांतून दाखवलं. कंपन्या एवढंच वाक्य उचलतात. पण मेयर यांनीच हेही दाखवलं की पार्श्वसंगीत आणि बिनकामाची सजावट शिकण्याच्या आड येते, आणि मोठा धडा लहान तुकड्यांत, शिकणाऱ्याच्या गतीनं आला तर जास्त पचतो. बोललं जाणारं वाक्य जसंच्या तसं पडद्यावर लिहू नये, असंही त्यांचं म्हणणं. शेवटच्या मुद्द्यावर तांड्यावरच्या एका पोरीनं मला वेगळंच सांगितलं. ती म्हणाली, "बाईचं बोलणं पटकन निघून जाते, खाली लिहेल असलं तं मी वाचून घेतो." जिच्या घरची भाषा वेगळी आहे तिला त्या अक्षरांचा आधार होता. म्हणून मी खालची अक्षरं चालू ठेवली आणि संगीतासाठी मात्र काहीच करता आलं नाही. आवाज बंद केला की दोन्ही बंद होतात. संगीत वेगळं बंद करायची सोय एवढ्या महागाच्या मालात असायला हवी होती.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते.

आमच्याकडे ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी सुरू होते. घरची वेचणी असो की मजुरीची, दहावीतली पोरगी सुद्धा आठ-पंधरा दिवस घरी राहते. तांड्यावरची काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तेव्हा पोरगा मागे आजीजवळ राहतो किंवा तोही जातो. शाळेत त्या दिवसांत भिंगं झाली, धातुविज्ञान झालं. ते पोर परत येतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि फळा पुसलेला. मला वाटलं होतं, इथे हा पेनड्राइव्ह देवासारखा धावून येईल. बुडालेले धडे मेमरी कार्डावर टाकून द्यायचे, बापाच्या मोबाइलवर रात्री पाहायचे.

जमलं नाही. पेनड्राइव्हला कुलूप आहे. तो एकाच कॉम्प्युटरला लागतो, एकही धडा बाहेर काढता येत नाही. कंपनीचा माल आहे, चोरी होऊ नये हे मी समजू शकते. मी फोन करून विचारलं, चौदा पोरांची नावं देते, चौदा मोबाइलवर पाहायची परवानगी द्या. दर मोबाइलचे वेगळे पैसे सांगितले. सप्टेंबरमध्ये माझा लॅपटॉप बिघडला, विंडोज नव्यानं टाकावं लागलं, तर हा नवा कॉम्प्युटर आहे असं म्हणत पेनड्राइव्ह उघडेना. अकरा दिवस फोन करत होते. अकराव्या दिवशी नवी किल्ली मिळाली, तीही पाचशे रुपये भरून. त्या अकरा दिवसांत शाळेत विद्युतधारा संपली.

बी.एड.ला शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांचं १९८३ सालचं एक मत वाचलं होतं आणि त्यावर वर्गात आमचा मोठा वाद झाला होता. त्यांचं म्हणणं असं की माध्यम म्हणजे किराणा आणणारी गाडी. गाडी बदलली म्हणून आपलं पोषण बदलत नाही. शिकणं बदलतं ते शिकवायच्या पद्धतीमुळे. तेव्हा मी त्यांच्या बाजूनं बोलले होते आणि बऱ्याच अंशी आजही आहे. पेशीविभाजनाचा अनुभव दुसरं काय सांगतो? पण गाडीचं महत्त्व शहरातल्या माणसाला कळत नाही. ज्या तांड्यावर पावसाळ्यात गाडीच पोचत नाही, तिथे पोचणारी गाडी हीच मोठी गोष्ट असते. वेचणीवरून आलेल्या पोरीला शिक्षक आणि व्हिडिओ यांत निवड करायची नसते. तिचा धडा निघून गेलेला असतो आणि तो तिच्यापर्यंत आणणारं काहीतरी हवं असतं. ई-लर्निंगचं खरं काम गावात हे आहे, आणि नेमक्या याच कामाला कंपनीनं कुलूप लावलं आहे.

शेवटी फुकटच्या गोष्टींनीच काम भागवलं. बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ क्यूआर कोड छापलेले असतात, ते सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये उघडतात. त्यातला आशय मोबाइलमध्ये उतरवून घेतला की नंतर नेट नसतानाही दिसतो. आमच्याकडे रेंज फक्त मारुतीच्या पारावर नीट मिळते, म्हणून शनिवारी दोन-तीन पालकांचे मोबाइल घेऊन मी पारावर बसते आणि आठवड्याचे धडे उतरवून देते. तिथले सगळेच व्हिडिओ पेनड्राइव्हसारखे देखणे नाहीत, काही धड्यांना तर नुसता प्रश्नसंच मिळतो. जिथे काहीच बरं सापडत नाही तिथे मी स्वतः फळ्यापुढे उभी राहते आणि माझ्याच मोबाइलवर दहा-बारा मिनिटं रेकॉर्ड करते. मागे कोंबड्या ओरडतात, उजेड कमी पडतो. पण ऊसतोडीहून आलेल्या एका पोरानं मला सांगितलं की त्याला माझाच व्हिडिओ समजला, "कारण तुम्ही मधात मधात विचारता ना, मग मी बी तिथं थांबतो." मी रेकॉर्ड करताना सवयीनं "सांगा बरं, पुढे काय होईल?" असं विचारून क्षणभर गप्प बसते. तो क्षण त्यानं पकडला होता.

विजेचं सांगायचं राहिलं. जून ते सप्टेंबर संध्याकाळी पाऊस आला की लाइन जाते, आणि गेली की तासभर येत नाही. त्या दिवशी टीव्ही नाही. कंदिलात फळ्यावर जे शिकवता येईल तेच. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर नाही त्यांनी हे धरून चालावं की पावसाळ्यातले निम्मे दिवस हा माल बंद राहील.

घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याला चार्ट बाजूला ठेवायला सांगा आणि पेशीविभाजन, चलित्र आणि रासायनिक समीकरणं हे तीन धडे स्वतः पूर्ण पाहा. सोबत आपलं दहावीचं एक पोरगं बसवा आणि संपल्यावर त्याला आकृती काढायला लावा. किती मोबाइलवर चालेल, लॅपटॉप बदलला तर काय, आणि लायसन्स किती महिन्यांचं, हे बिलावर लिहून घ्या. माझं बारा महिन्यांचं होतं. ही गोष्ट मला बिलाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, नंतर दिसली. ज्या घरी शेजारी बसून थांबवणारं कुणी नाही, तिथे पोराच्या हातात नुसता पेनड्राइव्ह देऊ नका. विज्ञान भाग १ आणि भूगोलासाठी मी याला पाचपैकी चार देईन, विज्ञान भाग २ ला तीन, गणिताला दोन, इतिहासाला शून्य, आणि कंपनीच्या सेवेला मनापासून राग येऊन एक.

येत्या जूनमध्ये लायसन्स संपतं आणि ते मी वाढवणार नाही. चलित्राचा तो व्हिडिओ मात्र मला सुटेल, हे खरं. त्याच्याऐवजी दिग्रसच्या बाजारातून खेळण्यातल्या चौदा मोटरी आणायचं ठरवलं आहे. त्या पोरानं दुकानात आधीच भाव विचारून ठेवला आहे.